लेखकाशी बोलावे कसे?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. व्यासपीठावर डॉक्टर, वकील व अभियंते विराजमान असता, जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने साहित्यावर बोलावे हे धारिष्ट्याचे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु मी साहित्यावर बोलणार नाही. साहित्याची चिकित्सा करणे हा विद्वानांचा अधिकार. मी बोलणार आहे ते साहित्यिकांना प्रश्न विचारण्याविषयी; आणि प्रश्न विचारणे हा तर माझा चाळीस वर्षांचा व्यवसायच होता. फरक इतकाच की, ज्याचे उत्तर मला ठाऊक असे तेच मी वर्गात विचारीत असे. लेखकासमोर बसल्यावर मात्र ज्याचे उत्तर आपणास ठाऊक नाही तेच विचारावे लागते. ही सवय अंगी बाणण्यास मला बराच काळ लागला.

२०१७ साली मी सेवानिवृत्त झालो आणि त्याच वर्षी मंडळाच्या वाचनालयात आपण 'ग्रंथसंवाद' सुरू केला. ज्यांचे नवे पुस्तक नुकतेच प्रसिद्ध झाले आहे अशा एका लेखकास दर दोन महिन्यांनी रविवारी सायंकाळी निमंत्रण द्यावयाचे, आणि त्या पुस्तकाविषयी त्यांच्याशी सर्वांसमक्ष तासभर बोलावयाचे, असा तो साधा उपक्रम. टाळेबंदीचा काळ सोडला तर तो आजवर अखंड चालला आहे. तीसहून अधिक ग्रंथकार आपल्या या लहानशा वाचनालयाच्या पायऱ्या चढून गेले. त्यांत कथाकार होते, कवी होते, एक मधुमक्षिकापालन करणारे शेतकरी होते, एक निवृत्त पोष्टमनही होते. त्यांच्याशी बोलताना मी जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ग्रंथ पुढे ठेवून त्याच्या कर्त्याशी बोलावे ही कल्पना काही आमची नव्हे. आपल्या मराठी गद्याचा आरंभच मुळी विचारपूस करण्यातून झाला, असे म्हटले तरी अतिशयोक्ति होणार नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींचे 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते घरात बसून नव्हे. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना त्यांनी गाठले, खोदून खोदून विचारले, आणि जमलेल्या आठवणी नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पाश्चात्त्यांकडे एकरमान नावाचा एक गरीब तरुण १८२३ साली वायमार येथे महाकवि गटे यांस भेटला, व पुढे कवीच्या निधनापर्यंत त्यांच्या सहवासात राहून त्याने त्यांचे बोलणे टिपून ठेविले. गटे १८३२ साली निवर्तले. ते संवाद १८३६ साली ग्रंथरूपाने बाहेर आले आणि तेव्हापासून एकरमानचे नाव गटेच्या नावाला जोडले गेले ते कायमचेच. १९५३ साली पॅरिस शहरात 'पॅरिस रिव्ह्यू' हे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराची मुलाखत होती. लेखक लिहितो कसा, अडतो कोठे, हे त्याच्याच तोंडून वदवून घेण्याची ती रीत पुढे जगभर रूढ झाली.

आपल्या महाराष्ट्रात न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ साली अशीच दुसरी सभा भरावयाची होती तेव्हा महात्मा फुले यांनाही निमंत्रण गेले. परंतु त्यांनी पत्र लिहून येण्याचे नाकारले. सर्व मनुष्यांस मनुष्यत्वाचे हक्क देण्यास जे तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ज्यांना लेखकांशी संवाद करण्याची हौस आहे त्या प्रत्येकाने हे पत्र एकवार वाचावे. खुर्ची मांडून, हार आणून, निमंत्रण धाडून संवाद होत नाही. समोरचा जे सांगेल ते ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न निमंत्रण धाडण्यापूर्वी स्वतःस विचारावयाचा असतो.

पुढे १९६४ साली मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी 'ललित' मासिक काढून नवी पुस्तके व त्यांचे लेखक यांची वार्ता घरोघर पोहोचविली. मॅजेस्टिकच्या गप्पांना श्रोत्यांची गर्दी होऊ लागली. जयवंत दळवी यांनी दहा साहित्यिकांशी केलेल्या गप्पांचे पुस्तक झाले. प्रतिभा रानडे यांचे 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी' हे पुस्तक १९९८ साली निघाले; एका विदुषीशी मोकळेपणाने बोलावे कसे याचा तो वस्तुपाठच आहे. साहित्य अकादेमीदेखील 'लेखकाशी भेट' घडवून आणते.

परंतु मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते एक निराळेच उदाहरण. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा काव्यसंग्रह १९७२ साली निघाला. त्यास प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी. तेंडुलकर त्या वेळी नामांकित नाटककार. कवि वयाने लहान आणि नवखा. तथापि प्रस्तावना लिहावयाची म्हणून तेंडुलकर त्या वस्तीत कवीबरोबर हिंडले, ज्या शब्दांचे अर्थ त्यांना कळले नाहीत ते त्यांनी कवीस विचारले, आणि आपणांस ते कळले नव्हते हे प्रस्तावनेत छापलेही. मोठ्या लेखकाने लहान लेखकास "याचा अर्थ काय?" असे विचारावे, यात कमीपणा तर नाहीच, उलट प्रश्नकर्त्याचे थोरपण आहे. चाळीस वर्षे 'याचा अर्थ सांगा' असे दरडावून विचारणाऱ्या माझ्यासारख्यास हा धडा फार उशिरा मिळाला.

आता माझ्या फजितीची हकीकत सांगतो. पहिल्या ग्रंथसंवादास एक शेतकरी कवि आले होते. मी संग्रहाचे मुखपृष्ठ पाहिले होते, मलपृष्ठावरील मजकूर वाचला होता आणि मधल्या दोन-तीन कविता चाळल्या होत्या. एवढ्या भांडवलावर मी व्यासपीठावर बसलो आणि "आपणांस काव्याची प्रेरणा कोठून मिळाली?" असे मोठ्या गांभीर्याने विचारले. कवि म्हणाले, "गुरुजी, पान सत्तावीस वाचलंत का?" मी वाचले नव्हते. "तिथंच लिहिलंय," असे म्हणून ते शांत बसले. श्रोत्यांत माझे जुने विद्यार्थी बसले होते. गृहपाठ न करता आल्याबद्दल ज्यांना मी बाकावर उभे करीत असे, त्यांचे चेहरे त्या वेळी किती प्रसन्न झाले होते म्हणून सांगू!

त्या दिवसापासून मी काही नियम स्वतःस घालून घेतले. ते तरुण कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे नमूद करतो.

पहिला नियम असा की, पुस्तक दोनदा वाचावे. प्रथम वाचक म्हणून वाचावे, आणि नंतर हाती पेन्सिल घेऊन वाचावे. प्रत पदरच्या पैशाने विकत घ्यावी. लेखकाकडे भेट प्रत मागू नये. ज्याने वर्ष-दोन वर्षे खपून ग्रंथ लिहिला त्याकडून तो फुकट घ्यावयाचा आणि वर त्याला शाल-श्रीफळ द्यावयाचे, यात मान कोणाचा होतो ते मला कळत नाही.

दुसरा असा की, प्रश्न पुस्तकातून निघावा आणि तो लहान असावा. "आजच्या साहित्याची दिशा कोणती?" या प्रश्नास कोणीही काहीही उत्तर देऊ शकतो. परंतु "आपल्या कथेतील म्हातारी प्रत्येक वेळी दार उघडे टाकून का निजते?" असे विचारले की लेखक क्षणभर थबकतो, मग हसतो आणि खरे बोलू लागतो.

तिसरा असा की, पात्र म्हणजे लेखक नव्हे. कादंबरीतील नायकाने मद्यपान केले म्हणून कादंबरीकारास तसला प्रश्न विचारणे असभ्यपणाचे होय. आत्मचरित्राची गोष्ट निराळी. तेथे लेखकाने स्वतःच दार उघडलेले असते. तथापि उघड्या दारातूनही परवानगी घेऊनच आत जावे.

चौथा असा की, स्तब्धतेस भिऊ नये. लेखक उत्तर देता देता थांबला की आपण घाईने दुसरा प्रश्न पुढे सरकवितो. तसे करू नये. मनात दहापर्यंत अंक मोजावेत. माझा अनुभव असा आहे की, खरे उत्तर पुष्कळदा सातव्या-आठव्या अंकाला येते.

पाचवा नियम श्रोत्यांसाठी आहे. शेवटी प्रश्न विचारण्याची संधी दिली असता उठून स्वतःचे भाषण करू नये. आणि कथेचा शेवट कोणी फोडू नये. ज्यांनी पुस्तक घेतलेले नाही त्यांना ते घ्यावेसे वाटले पाहिजे.

हे झाले नियम. परंतु नियम पाळूनही मनुष्याची परीक्षा होतेच. माझी ती दोन वर्षांपूर्वी झाली. तो प्रसंग सांगावा किंवा नाही, याचा मी बराच विचार केला. अध्यक्ष महाराजांनी 'सांगा' म्हटले, म्हणून सांगतो.

आपल्या समाजातील एक भगिनी रुग्णालयात परिचारिका होत्या. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. त्यांचे नाव मी येथे घेत नाही. ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांना ते ठाऊक आहे. त्यांना ग्रंथसंवादास बोलवावे असे ठरले. त्या आठवड्यात कार्यकारी मंडळातील दोघे सद्‌गृहस्थ माझ्या घरी आले. चहा झाला. मग त्यांनी विषय काढला. "गुरुजी, पुस्तक उत्तमच आहे. आपल्या समाजाला भूषणावह आहे. फक्त ते सातवे प्रकरण तेवढे काढू नका. स्मरणिकेच्या जाहिराती अजून यावयाच्या आहेत."

सातव्या प्रकरणात काय होते? १९७३ सालची हकीकत होती. बाईंच्या वडिलांनी आपल्या विधवा बहिणीचा पुनर्विवाह करून दिला, आणि तोही ज्ञातीबाहेरील एका सज्जन गृहस्थाशी. तत्कालीन पंचमंडळींनी त्या घरास वाळीत टाकले. पाणी नाही, विस्तव नाही, लग्नकार्याचे आमंत्रण नाही, मयतास खांदा नाही. असे पावणेदोन वर्षे चालले. त्या वेळी बाई नऊ वर्षांच्या होत्या. विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत येणाऱ्या आईचे वर्णन त्यांनी केले आहे. ते मी येथे सांगत नाही, आपण पुस्तकातच वाचावे. मात्र त्यातील एक वाक्य मला सांगितलेच पाहिजे. बहिष्काराचे जे पत्रक घरोघर फिरविण्यात आले त्याविषयी बाईंनी असे लिहिले आहे की, त्यातील मजकूर मला त्या वेळी कळला नाही, परंतु अक्षर फार सुंदर होते एवढे आठवते.

बंधुभगिनींनो, ते अक्षर माझे होते.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. शाळेत सुलेखनात माझा पहिला क्रमांक येत असे. पंचांपैकी एकाने मला बोलावून घेतले, पुढे कोरे कागद ठेविले आणि मजकुराच्या बारा प्रती करावयास सांगितले. मी त्या केल्या. शिरोरेघा पट्टीने आखल्या. काम झाल्यावर मला खडीसाखर मिळाली. आपण काय लिहीत आहोत हे मला समजत नव्हते, असे म्हटले तर ते असत्य होईल. समजत होते, परंतु अक्षराची स्तुति झाली याचाच आनंद अधिक होता. त्यानंतर पन्नास वर्षे मी ही गोष्ट कोणापाशी बोललो नाही. चाळीस वर्षे मुलांना 'अक्षर सुंदर काढा' म्हणून सांगत राहिलो.

आलेल्या सद्‌गृहस्थांस मी म्हणालो, "सातवे प्रकरण वगळून या पुस्तकावर बोलणे म्हणजे पाणी वगळून विहिरीवर बोलणे होय. मी प्रश्न विचारीन. आपणांस मान्य नसेल तर मी त्या दिवशी श्रोत्यांत बसेन, दुसऱ्या कोणी संवाद करावा." ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष महाराजांचा दूरध्वनी आला, "गुरुजी, आपणच बसा." त्यांच्या या एका वाक्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

संवादाच्या दिवशी सभागृह भरले होते. पहिला अर्धा तास परिचारिकेच्या जीवनाविषयी बोलणे झाले. मग मी सातवे प्रकरण उघडले आणि म्हणालो, "ताई, येथे प्रश्न विचारण्यापूर्वी मला एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. या पत्रकाचे अक्षर माझे आहे."

सभागृह स्तब्ध झाले. मी सवयीप्रमाणे मनात अंक मोजू लागलो, पण ते चुकले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या रागावल्या नाहीत, गहिवरल्याही नाहीत. त्यांनी विचारले, "तेव्हा आपण किती वर्षांचे होता?"

"चौदा."

"मी नऊ," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "विचारा, गुरुजी. पुढचा प्रश्न विचारा."

मला वाटते, त्या सायंकाळी खरी मुलाखत त्यांनीच माझी घेतली. प्रश्न एकच होता, आणि तो पुरेसा होता.

परंतु मला सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे. श्रोत्यांना प्रश्नांची संधी दिली तेव्हा एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "घरातले धुणे चव्हाट्यावर धुवून समाजाची बेअब्रू करण्यात काय साधले?" बाई म्हणाल्या, "धुणे धुवावयास पाणी लागते. ते आम्हाला मिळत नव्हते." यावर कोणी हसले नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून ऐंशीच्या घरातील एक आजीबाई काठी टेकीत उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, पुस्तकात एक राहिलंय. रात्री मागच्या दाराशी दोन घागरी कोण ठेवीत होतं ते तुझ्या आईला ठाऊक होतं. मी आणि माझी सासू. तिनं शपथ घातली होती, म्हणून आजवर बोलले नाही."

बाईंना हे माहीत नव्हते. मागच्या दाराशी पाणी असे, आणि आई ते देवाने दिले असे सांगे, एवढेच त्यांना आठवत होते. त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि आजींजवळ जाऊन बसल्या. संवाद तेथेच संपला. आभारप्रदर्शन कोणी केले नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघेल तेव्हा त्या दोन घागरी तीत असतील, असे बाईंनी मला नंतर कळविले.

सज्जनहो, नव्या पुस्तकाविषयी लेखकाशी बोलावयाचे ते याचसाठी. ग्रंथ छापून झाला म्हणजे पूर्ण झाला असे आपण समजतो. तसे नसते. लेखक आपल्याला जेवढे ठाऊक तेवढे लिहितो. उरलेले वाचकांपाशी असते. ते बोलून दाखविण्यास एक जागा लागते आणि विचारणारा कोणी लागतो. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली निघाले, त्याचा आरंभ आपण आठवा. तेथे शिकलेला दया पवार आणि त्याच्याच आत असलेला दगडू मारुती पवार हे दोघे समोरासमोर येतात आणि एकमेकांशी बोलू लागतात. लेखकाला स्वतःलाच स्वतःला विचारावे लागले. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आतील चौदा वर्षांच्या मुलास कधी काही विचारले आहे?

समाजाची बेअब्रू कशाने होते, याचाही आता विचार झाला पाहिजे. पंचांनी एखाद्या कुटुंबास वाळीत टाकणे हा आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आहे; तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. म्हणजे ज्या गोष्टीस आज कायदा गुन्हा म्हणतो, ती आपल्याच एका लेखिकेने लिहून ठेविली म्हणून आपण तिजवर रुष्ट व्हावयाचे काय? बेअब्रू झाली ती १९७३ साली. २०२३ सालच्या त्या रविवारी, दोन घागरींची आठवण निघाली तेव्हा, आपली गेलेली अब्रू थोडीबहुत परत आली, असे माझे नम्र मत आहे.

मंडळाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, ग्रंथसंवादास यापुढे तरुणांनी बसावे, आणि कोणते प्रकरण काढावे व कोणते काढू नये याची यादी त्यांना कोणी देऊ नये. दुसरी अशी की, प्रत्येक संवादाची नोंद लिहून वाचनालयात जतन करावी. माझे अक्षर अद्याप वाचता येण्यासारखे आहे. या नोंदी सुवाच्य अक्षरात लिहून देण्याची सेवा, हात चालतो तोवर, मी आनंदाने करीन. त्या अक्षराचे देणे माझ्याकडे आहे.